देशातला परदेश



या जागी आजवर संतवाङ्मयावर, नाट्यसंगीतावर, बेंद्र्यांच्या घरातल्या मराठीवर बोलणारी मोठी माणसे उभी राहिली. आज तुमच्यासमोर एक हिशेब तपासनीस उभा आहे. चाळीस वर्षे हुबळीत लोकांच्या खातेवह्या तपासण्यात गेली. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा मी ‘सेझ’ म्हणालो, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र. फोनवर क्षणभर शांतता पसरली. मग त्यांनी हळूच विचारले, ‘साहित्याशी त्याचा काही संबंध?’ मी म्हटले, शब्दांशी आहे. कायद्यात एक वाक्य लिहिले की जमीन आहे तिथेच राहून परदेश होते. याहून धीट कविकल्पना माझ्या तरी वाचनात नाही.

हा विषय आताच काढायचे कारण आपल्या अंगणातले आहे. २०२५ च्या जून महिन्यात केंद्र सरकारच्या मान्यता मंडळाने दोन नव्या क्षेत्रांना मंजुरी दिली. एक गुजरातेत साणंदला, मायक्रॉन या अमेरिकन कंपनीचे. गुंतवणूक १३,००० कोटी रुपयांची. दुसरे आपल्या धारवाड जिल्ह्यात, एक्वस उद्योगसमूहाच्या हुबळी ड्युरेबल गुड्स क्लस्टरचे, इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांसाठी, जागा ११.५५ हेक्टर, गुंतवणूक १०० कोटी. त्याच महिन्यात नियमही बदलला होता. सेमीकंडक्टर आणि इलेक्ट्रॉनिक भागांच्या क्षेत्राला पूर्वी किमान ५० हेक्टर सलग जागा लागे, ती अट १० हेक्टरांवर आली. अट जुनीच राहिली असती, तर आपले हे साडेअठ्ठावीस एकरांचे क्षेत्र कागदावरही आले नसते.

बातमी वाचून माझ्याकडे दोन तऱ्हेचे फोन आले. एक, ‘आता मुलांना पुण्याला जावे लागणार नाही, नाही का?’ दुसरा, ‘आता आपल्या जमिनी गेल्या म्हणायच्या.’ दोघेही जरा घाईत होते.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. आशियातले पहिले निर्यात प्रक्रिया क्षेत्र आपल्याच देशात, कांडला बंदराशी १९६५ मध्ये निघाले. १९७३ मध्ये मुंबईत अंधेरीला ‘सीप्झ’ आले. तिथला हिऱ्यांचा आणि इलेक्ट्रॉनिक्सचा धंदा अनेकांना ठाऊक असेल. चीनने मात्र १९८० मध्ये शेन्झेन उभे केले आणि वीस वर्षांत ते कुठल्या कुठे गेले. त्याचा हेवा वाटून आपण २००० साली सेझचे धोरण आणले, २००५ मध्ये संसदेने कायदा केला आणि १० फेब्रुवारी २००६ पासून तो अमलात आला. त्याच्या ५३ व्या कलमात सगळे सार आहे: मंजूर व्यवहारांपुरते हे क्षेत्र देशाच्या जकात-हद्दीबाहेरचे मानावे. कुंपणाच्या आत परदेश, बाहेर भारत आणि फाटकावर कस्टमचा माणूस.

गोकुळ रस्त्यावर माझ्या एका अशिलाचा लहानसा कारखाना होता. चार लेथ, एक मिलिंग यंत्र, सात माणसे. त्यांना बेळगावपुढे हत्तरगीच्या सेझमधून फिक्स्चर बनवून देण्याची ऑर्डर मिळाली. बिल करायला ते माझ्याकडे आले. मी सांगितले, यावर जीएसटी शून्य लावा, आधी हमीपत्र भरा. सेझमध्ये माल गेला की कर-कायद्याच्या दृष्टीने तो निर्यातीसारखाच. ते माझ्याकडे पाहतच राहिले. म्हणाले, ‘साहेब, हत्तरगी परदेशात केव्हा गेली हो? आमची सासुरवाड त्याच वाटेवर आहे.’ टेम्पो राष्ट्रीय महामार्गावरून जाऊन आला आणि माझ्या कागदावर एका लेथवाल्याने ‘निर्यात’ केली.

तुम्ही हसलात, पण इथल्या निम्म्या घरांतली मुले अशाच परदेशात रोज जाऊन येतात. हिंजवडीतल्या कितीतरी इमारती सेझ आहेत. करोनाच्या काळात ही मुले लॅपटॉप घेऊन धारवाडला आली, तेव्हा त्या लॅपटॉपच्या परवानगीचे कागद कंपन्यांना करावे लागले. कारण शुल्कमाफीत आलेले यंत्र फाटकाबाहेर पडले होते. घरून काम करण्यासाठी सविस्तर नियम २०२२ मध्ये झाला. माझ्या भाच्याने माझ्याच माडीवर बसून दीड वर्ष ‘परदेशात’ नोकरी केली.

आता सवलती. यादी लांब आहे, मी दोनच सांगतो. पहिली शुल्काची: यंत्रे आणि कच्चा माल बाहेरून आणताना आयातशुल्क नाही, देशातून घेताना जीएसटी शून्य. दुसरी प्राप्तिकराची, आणि ती मोठी होती: निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षे पूर्ण माफी, पुढची पाच वर्षे निम्मी, त्यापुढची पाच वर्षे नफा पुन्हा धंद्यात घातला तर त्याच्या निम्म्यापर्यंत. समजा, वर्षाला दहा कोटी नफा आणि कराचा दर तीस टक्के. मग पहिल्या पाच वर्षांत पंधरा कोटी वाचले, पुढच्या पाचांत साडेसात. हे पैसे कोणाच्या खिशातून आले, असे कोणी विचारत नाही, कारण ते कुणी दिलेलेच नसतात. सरकारने ते घेतलेले नसतात. न घेतलेल्या पैशाची पावती फाटत नाही. भारताच्या महालेखापरीक्षकांनी २०१४ मध्ये ती पावती फाडली: २००७ ते २०१३ या काळात सेझवर सोडलेला कर ८३ हजार कोटींच्या वर. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे, तो मला जास्त बोलका वाटतो. अधिसूचित झालेली जमीन ४५,६३५ हेक्टर. प्रत्यक्ष काम सुरू झाले २८,४८८ हेक्टरांवर. बाकीची तशीच पडून.

ही प्राप्तिकराची सवलत फार दिवस टिकली नाही, हे मात्र लक्षात घ्या. २०११ च्या अर्थसंकल्पात सेझमधल्या नफ्यावर साडेअठरा टक्के किमान कर बसला आणि पुष्कळांची गणिते कोसळली. २०१९ मध्ये अमेरिकेच्या तक्रारीवरून जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनेलने या निर्यात-सवलती नियमबाह्य ठरवल्या. भारताने अपील केले, पण तिथे अपील ऐकायलाच कोणी उरले नव्हते. ३१ मार्च २०२० नंतर, करोनामुळे दिलेली थोडी मुदतवाढ सोडली तर, नव्या कारखान्यांना ही माफी बंद झाली. २०२२ मध्ये नवा कायदा आणू असे अर्थसंकल्पात जाहीर झाले, तो आलाच नाही. म्हणजे आज धारवाडला जे क्षेत्र मंजूर झाले आहे, ते आयकराच्या त्या मोठ्या माफीवाचून मंजूर झाले आहे. तरीही कोणाला ते हवेसे वाटते. का, हे पाहायला हवे.

हत्तरगीचे उदाहरण घ्या. विमानांचे सुटे भाग बनवणारे ते क्षेत्र २००९ च्या सुमारास उभे राहिले. कॅनडाची मॅगेलन, फ्रान्सची ओबेर ए द्युव्हाल, स्वीडनची साब अशा परकीय कंपन्यांशी तिथे भागीदाऱ्या झाल्या. एवढी मंडळी केवळ कर वाचवायला बेळगाव जिल्ह्यातल्या माळावर आली असती, तर तो कर गुजरातेतही वाचत होता. विमानाचा एक भाग घडवायचा एका देशात, कातायचा दुसऱ्या देशात, त्यावर रासायनिक प्रक्रिया करायची तिसऱ्या देशात, असा प्रवास असतो. इथे तो सगळा प्रवास एका कुंपणात आला. आणि बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री आणि लेथवर हात बसलेली माणसे आधीपासून होती. सवलत पाहुण्याला दारापर्यंत आणते. तो मुक्कामाला राहतो तो घरातल्या हातांमुळे.

परकीय व्यापाऱ्याला सवलत द्यावी की नाही, हा प्रश्न आपल्या गावाला नवा नाही. शिवकाळात हुबळी कापडाची मोठी पेठ होती आणि इंग्रजांची वखार इथे होती. १६७३ मध्ये मराठ्यांच्या फौजेने हुबळी लुटली, त्यात वखारीचा मालही गेला. इंग्रज नुकसानभरपाईसाठी वर्षानुवर्षे पत्रे लिहीत राहिले. पुढच्याच वर्षी राज्याभिषेकाच्या वेळी त्यांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर गेला. तहात राजापूरच्या नुकसानीची भरपाई कबूल झाली, हुबळीची नाही. पण मला महत्त्वाचे कलम दुसरे वाटते: इंग्रजांना व्यापाराची मोकळीक दिली, आणि त्यांच्या आयात मालावर अडीच टक्के जकात ठेवली. थोडी का होईना, ठेवली. याच्या आधी तीन वर्षे महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला लिहिले होते की बारदेशचे पोर्तुगीज मीठ स्वस्त पडते म्हणून व्यापारी तिकडे वळतात, तेव्हा त्यावर जबर जकात बसवा, नाहीतर आपली मिठागरे बुडतील. याउलट १७१७ मध्ये दिल्लीच्या फर्रुखसियर बादशहाने वर्षाला तीन हजार रुपयांच्या बदल्यात बंगालमध्ये कंपनीला जकात माफ केली. कंपनीचे नोकर तेच दस्तक आपल्या खाजगी मालावर लावू लागले आणि त्या भांडणाचा शेवट प्लासीला झाला. आजच्या सेझमधून कोणी प्लासी करील असे मला म्हणायचे नाही. सवलतीच्या कागदावर मुदत, मोजमाप आणि मालकाचे नाव हवे, एवढाच धडा मी हिशेबनीस म्हणून घेतो.

आणखी एक सवलत आपल्या भागात सगळ्यांना ऐकून माहीत आहे. गुर्लहोसूरला जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात नांगर बनवीत होते. नगरपालिकेला ती जागा हवी होती, म्हणून त्यांना उठावे लागले. १९१० मध्ये औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळ निवडुंगाने भरलेली ३२ एकर जमीन दिली आणि दहा हजार रुपये कर्ज दिले. किर्लोस्करवाडी तिथे उभी राहिली. हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर हेही उद्योगाला दिलेले प्रोत्साहनच. पण देणारा राजा आणि घेणारा कारखानदार एकमेकांना तोंडाने ओळखत होते, जमीन पडीक होती, आणि वाडीभोवती कुंपण नव्हते.

जमिनीचा विषय निघाला आहे, तर आता तिथेच थांबू. कारण सेझचे खरे भांडण करावरून झाले नाही.

रायगड जिल्ह्यात महामुंबई सेझसाठी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली ४५ गावे घ्यायची होती. पेणच्या २२ गावांना हेटवणे धरणाचे पाणी मिळणार होते. प्रा. एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले आणि २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारला त्या गावांत चक्क मतदान घ्यावे लागले: जमीन द्यायची की नाही? भूसंपादनाच्या कायद्यात अशा मतदानाची तरतूदच नव्हती. तरी म्हातारी माणसे रांगेत उभी राहिली. कौल विरोधात गेला. पुढे संपादनाची मुदत टळली आणि प्रकल्प बारगळला.

गोव्याचे केरी तर आपल्यापैकी काहींच्या कुलदेवतेचे गाव. फोंड्याजवळची विजयादुर्गा. पोर्तुगीजांच्या काळात ती देवी सांकवाळहून हलवून तिथे आणली, हे तुम्ही माझ्याहून चांगले सांगाल. तिथून वर भूतखांबचे पठार आहे. १९९० च्या दशकात त्या पठारावर अमेरिकेच्या ड्यूपाँट आणि थापर यांचा नायलॉन ६६ चा कारखाना येणार होता. गावकऱ्यांनी विरोध केला. जानेवारी १९९५ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात नीलेश नाईक हा तरुण मारला गेला आणि कारखाना गेला. २००६ मध्ये त्याच पठाराची सुमारे सव्वाशे हेक्टर जमीन औषधांच्या सेझसाठी दिली गेली. गोवाभर आंदोलन झाले आणि ३१ डिसेंबर २००७ रोजी दिगंबर कामत यांच्या सरकारने सगळेच सेझ रद्द करत असल्याचे जाहीर केले. मग अकरा वर्षे कोर्टकचेऱ्या. २०१८ मध्ये तडजोड झाली: सरकारने सेझवाल्यांना व्याजासकट सुमारे २५६ कोटी रुपये परत केले आणि जमीन परत घेतली. म्हणजे गोव्याने जमीन दिली, परत घेतली, आणि त्या येरझारीचे व्याज भरले. पुढच्या वेळी देवीला गेलात की जरा वर पठारापर्यंत जाऊन या.

तिसरी तऱ्हा पुण्याजवळ खेडला झाली. तिथे भारत फोर्जच्या सेझमध्ये शेतकऱ्यांना मोबदल्याशिवाय विकसित जमिनीचा पंधरा टक्के हिस्सा द्यायचे ठरले आणि त्यासाठी शेतकऱ्यांची कंपनीच काढली. कल्पना मला फार पटली होती. पण आपली जमीन शेअरच्या कागदात गेल्यावर ती केव्हा, कुठे, कोणत्या भावाने हाती येणार यावरून तिथले शेतकरी वर्षानुवर्षे भांडत राहिले. हिस्सा देणे सोपे, हिस्सा हातात पडणे अवघड.

हे सगळे मी तिऱ्हाइतासारखे सांगतो आहे. तसा मी तिऱ्हाईत नाही. १९७४ च्या कुळकायद्यात आमची बहुतेक जमीन गेली, तशी इथल्या अनेक घरांची गेली. तिचे दुःख आप्पांनी केले नाही. कसणाऱ्याला मिळाली, म्हणत. स्वतः करत होते ती सहा एकर एरीची, काळी जमीन धारवाडबाहेर राहिली होती. ती पुढे औद्योगिक वसाहतीसाठी घेतली. खात्याचे नाव सांगत नाही, गोष्ट जुनी आहे. पहिला हप्ता लवकर मिळाला. वाढीव मोबदला न्यायालयातून मिळायला अकरा वर्षे लागली, तोवर आप्पा गेले होते. शेवटपर्यंत ते विचारायचे, ‘अरे, तिथे कारखाना निघाला का?’ तिथे बळ्ळारी जाली माजली होती; वेडी बाभूळ म्हणतात ती.

आता जे सांगतो ते मी आजवर घराबाहेर बोललो नाही. त्याच वसाहतीत माझ्या एका अशिलाला सवलतीच्या दराने भूखंड मिळाला होता. ठरलेल्या मुदतीत उत्पादन सुरू झाले नाही तर भूखंड परत जाणार होता. त्याने एक शेड घातली, एक जुना लेथ बसवला, विजेचे एक बिल आणि विक्रीचे एक बिल आणले, आणि मला दाखला मागितला: उत्पादन सुरू. कागद पुरे होते. नियमात बसत होते. मी सही केली. चार वर्षांनी त्याने तो भूखंड कितीतरी पटीने विकला. माझे शुल्क मला वेळेवर मिळाले होते. महालेखापरीक्षकांच्या अहवालातली ती पडीक हेक्टरे मी वाचतो तेव्हा त्यांच्यावर माझ्यासारख्या किती जणांच्या सह्या असतील हे मला वेगळे कोणी सांगावे लागत नाही.

म्हणून आपल्या साडेअठ्ठावीस एकरांबद्दल मला ‘हवे की नको’ हा प्रश्न पडत नाही. ते व्हावे असेच मला वाटते. गोकुळ रस्त्यावर विमानतळाजवळ इन्फोसिसची जागा कितीतरी वर्षे शांत होती. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिथे काम सुरू झाले, तेव्हा पुण्यातल्या दोन-चार मुलांनी तरी बदली मागितली, हे मला माहीत आहे. पण काही गोष्टी विचारायला हव्यात, आणि त्या विचारायला अर्थशास्त्र लागत नाही. मंजुरीपत्रात किती नोकऱ्या लिहिल्या आहेत, आणि दरवर्षी त्या कोण मोजणार? सुटे काम हुबळीच्या लहान कारखान्यांना मिळणार की तेही तयार होऊन बाहेरून येणार? नव्या नियमाने सेझमधला माल शुल्क भरून देशात विकायची मोकळीक दिली आहे. तो माल शेजारच्याच कारखान्याशी स्पर्धा करू लागला तर? आणि मुदतीत काम झाले नाही तर जमीन कोणाकडे जाणार? दाखला कोण देणार हेही विचारा. माहितीच्या अधिकारात अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे.

 इट्टीगट्टी-गामनगट्टीच्या बाजूला ज्यांच्या जमिनी होत्या किंवा आहेत, अशी काही मंडळी समोर बसलेली मला दिसताहेत. चहा होईपर्यंत त्यांनी कृपा करून थांबावे. आता बोलायची पाळी त्यांची आहे, आणि मी वही आणली आहे.